संविधान सभेत हरलेली बाजू वर्गात कुठे जाते?

आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘अकरावी-बारावीला संविधान कसं शिकवावं’. त्यातलं ‘कसं शिकवावं’ मी जरा बाजूला ठेवतो. आज आपण ते कसं शिकवतो, यावर मला बोलायचंय. पंचवीसेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलंय, तेव्हा जी तक्रार करीन ती आधी माझ्यावरच येते, हे धरून चाला.

एक साधा प्रश्न घेऊ. संविधान तयार व्हायला इतका वेळ का लागला? वर्गात विचारा, हात वर होतात: ‘दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस.’ म्हणजे ‘का’ विचारलं तर मुलं ‘किती’ सांगतात. आणि गाईडांमध्ये वाद कशावर, तर सतरा दिवस की अठरा! (हशा) अहो, 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी सभागृहात हिशेब दिला तो सतरा दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं, म्हणून अठरा. संपला वाद. पण ‘का’ तसाच राहिला.

गंमत म्हणजे हा ‘का’ एका पाठ्यपुस्तकानं विचारला होता. एनसीईआरटीचं अकरावीचं संविधानावरचं पुस्तक, 2006 चं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव त्याचे मुख्य सल्लागार. त्यात शंकर यांचं 1949 मधलं व्यंगचित्र छापलं होतं: गोगलगाईवर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक आहे, आणि मागे नेहरूही चाबूक घेऊन उभे आहेत. खाली विचारलं होतं, संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल? 2012 च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकायचं ठरलं, पळशीकर-यादवांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयात मोडतोड झाली.

त्या वेळी माझ्या शिक्षक मित्रांत दोन तट पडले. एक म्हणे, व्यंगचित्रं मुलांना कळत नाहीत. दुसरा म्हणे, ज्यांना राग आला त्यांना विनोद कळत नाही. मला दोन्ही पटलं नाही. वर्गात एखादी मुलगी अशी असते, जिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर रोज पुसली जाते. त्यांच्या पाठीशी कुणी चाबूक घेऊन उभं आहे हे तिला पुस्तकात दिसलं, तर तिला लागणारच. ते लागणं खोटं नाही. पण त्या चित्राला सगळ्यात सणसणीत उत्तर खुद्द बाबासाहेबांचंच होतं, आणि ते 25 नोव्हेंबरच्या त्याच भाषणात आहे. ते शेजारी छापून, वर्गात वाचून घ्यायला हवं होतं. मीही त्या वर्षी ते वाचून घेतलं नाही. चित्राचं पान आलं की उलटायचं, असं ठरवून मोकळा झालो.

काय आहे त्या उत्तरात? सभेच्या अकरा बैठका झाल्या, 165 दिवस काम चाललं, त्यातले 114 दिवस मसुद्यावर. सुमारे 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. नझीरुद्दीन अहमद नावाचे सभासद मसुदा समितीला, ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला, ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हणत, म्हणजे वाऱ्यावर भरकटणारी. बाबासाहेब चिडले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की आपली चूक दिसल्यावर ती दुरुस्त करायला समिती लाजली असती, तर तेच कर्तव्यात कसूर करणं झालं असतं. म्हणजे वेळ का लागला? माणसं आपलं मत बदलत होती, म्हणून.

आता हे मत बदलणं आपण कुठे शिकवतो? मी एक कलम घेतो, एकविसावं. पुस्तकात ते दोन ओळींत येतं: जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावून घेता येणार नाही. मुलं पाठ करतात. पण एप्रिल 1947 मध्ये सभेनं जे मान्य केलं होतं, त्यात ‘ड्यू प्रोसेस’ असे शब्द होते. फरक केवढा आहे बघा. ‘कायद्यानं ठरवलेली पद्धत’ म्हटलं की कायदा आहे ना, मग झालं. ‘ड्यू प्रोसेस’ म्हटलं की तो कायदा न्याय्य आहे का, हेही न्यायाधीश विचारू शकतो. मसुदा समितीनं शब्द बदलले. 6 डिसेंबर 1948 ला काझी सय्यद करीमुद्दीन, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद, यांनी जुने शब्द परत आणायची दुरुस्ती मांडली. मुन्शी तिच्या बाजूचे, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधातले. 13 तारखेला बाबासाहेब बोलायला उठले आणि त्यांनी काय केलं? दोन्ही बाजूंचे धोके सांगितले. पक्षानं भरलेलं विधिमंडळ वाटेल तसा कायदा करील, ही एक भीती. पाच-सहा न्यायाधीश आपल्या पूर्वग्रहानं लोकांचा कायदा मोडीत काढतील, ही दुसरी. इकडे आड तिकडे विहीर, असं म्हणून निर्णय सभागृहावर सोडला. करीमुद्दीन हरले.

पुढे 1950 मध्ये ए. के. गोपालन स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा बहुमत म्हणालं, कायदा आहे ना, मग झालं. फझल अली तेवढे वेगळे. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय म्हणालं, पद्धत न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाची हरलेली दुरुस्ती तीस वर्षांनी, वेगळ्या दारानं, आत आली. आणि मुलांना त्याचं नावही ठाऊक नसतं. हरला म्हणून टीप नाही, टीप नाही म्हणून गुण नाहीत.

आपण काय करतो? संविधान सभेतली भाषणं सुभाषितांसारखी वापरतो. फलकावर एक वाक्य, खाली नाव, 26 नोव्हेंबरला हार. ते वाक्य कुणाला उत्तर म्हणून आलं, हे कुणी विचारत नाही. अभिरूप संसदेच्या स्पर्धा तर विचारूच नका. मीही परीक्षक म्हणून बसलोय. मुलं आवाज चढवतात, बाक वाजवतात, सभात्याग करतात. टीव्हीवर दिसतं तेच. तिथे कुणी ‘या शब्दाऐवजी हा शब्द घाला’ अशी दुरुस्ती मांडत नाही. आणि समोरच्याचं ऐकून ‘मी माझी दुरुस्ती मागे घेतो’ म्हणणारा तर मी पाहिलाच नाही. संविधान सभेत हे कितीदा झालं! पण आमच्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही.

म्हणून निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी एक केलं. एकविसाव्या कलमावरचे दोन्ही युक्तिवाद सोप्या मराठीत लिहून, नावं न देता, वर्गात वाटले. वाचा, मत द्या, कारण एका ओळीत. मग नावं सांगितली. पहिल्या वर्षी फसलं, कारण नावं कळल्यावर निम्म्या वर्गानं मत फिरवलं आणि तेही कारण न देता. एका पालकांनी येऊन विचारलं, हे परीक्षेला आहे का? नव्हतं. मी तसं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी एका मुलीनं विचारलं, ‘सर, तुम्ही म्हणता बाजू घ्यायलाच पाहिजे. मग बाबासाहेबांनी का नाही घेतली?’ मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मसुदा समितीचे अध्यक्ष होते, जबाबदारी होती वगैरे. तिचं समाधान झालं नाही, दिसतच होतं. चार दिवसांनी ती फोनवर 15 सप्टेंबर 1949 चं इंग्रजी भाषण शोधून घेऊन आली. अडखळत, पण तिनं ते वाचलं होतं. त्यात बाबासाहेब सांगतात की त्या कलमाच्या शब्दांवर अनेक जण नाराज होते, आपणही त्यांत होतो, आणि भरपाई म्हणून हे नवं कलम आणतो आहोत. तेच आजचं बाविसावं: अटकेचं कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करा.

‘घेतली की सर, बाजू. नऊ महिन्यांनी.’

मी म्हटलं, अगं, पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे, बक्षी टेकचंद त्यावर केवढे तुटून पडले होते, तेही वाच. ती म्हणाली, वाचलंय, पण मग कलम आणायचंच नाही का? तिथून जे सुरू झालं ते तास संपल्यावरही व्हरांड्यात चाललं, आणि मी जिंकलो असं काही मला सांगता येणार नाही.

बरं, प्रश्न घेऊ या. मागे कुणाचा तरी हात केव्हाचा वर आहे.