एक तबकडी, दोन वये

१९९६ साली आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकात मी पाश्चात्त्य रॉक संगीतावर एक लेख लिहिला होता. 'रॉक ही वयात येताना तोंडावर उठणारी पुटकुळी आहे; ती यायलाही हवी आणि वेळेवर जायलाही हवी,' असे एक वाक्य त्यात होते. ते पुष्कळांना आवडले. बेळगावात एका व्याख्यात्याने ते माझ्या नावानिशी वापरले, दुसऱ्याने नावाशिवाय. ते वाक्य आज मला मागे घ्यायचे आहे. टीकाकाराने स्वतःचा निकाल फिरवायचा तर त्याची कारणे चारचौघांत सांगितली पाहिजेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घडले ते रॉजर वॉटर्समुळे. पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही तबकडी मार्च १९७३मध्ये निघाली. तिच्यातली गीते वॉटर्सने लिहिलेली. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ती ७४१ आठवडे टिकली. ऑक्टोबर २०२३मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, वॉटर्सने तीच तबकडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पुन्हा ध्वनिमुद्रित करून काढली, 'रिडक्स' असे शेपूट लावून. एकाच माणसाने एकच रचना पन्नास वर्षांनी पुन्हा उभी करावी आणि त्या रचनेचा एक मोठा विषय काळ हाच असावा, हा योग दुर्मीळ. वयाबरोबर रॉकची आवड कशी पालटते हे पाहायला याहून चांगली सोय मला तरी ठाऊक नाही. मात्र ही परीक्षा एकट्या वॉटर्सची नाही, ऐकणाऱ्याचीही आहे. म्हणून थोडे माझ्याविषयी.

१९८० साली मी अठरा वर्षांचा होतो. माझ्याबरोबर मडगावचा एक मित्र शिकत होता. गोव्यातली पुष्कळ मुले तेव्हाही बेळगावला शिकायला येत. त्याचे मामा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. घरी येताना ते तबकड्या आणीत. एका सुट्टीत मित्राने घरातल्या स्पीकरसमोर साधा टेपरेकॉर्डर ठेवला आणि 'डार्क साइड' नव्वद मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूवर उतरवून घेतली. तबकडी ४३ मिनिटांची, बाजू ४५ मिनिटांची, बेताने बसली. तबकडी उलटताना त्याने टेप थांबवला नाही. त्यामुळे विसाव्या मिनिटाच्या सुमारास सुई उचलल्याची खरखर, एक कावळा आणि स्वयंपाकघरातून त्याच्या आईने कोकणीत जेवायला मारलेली हाक, असे सगळे त्या कॅसेटीत आले.

या तबकडीत गाण्यांच्या आगेमागे माणसे बोलतात. वॉटर्सने वेड, मारामारी, मृत्यू असल्या विषयांवरचे प्रश्न कार्डांवर लिहिले, स्टुडिओच्या परिसरात जो भेटेल त्याला ते विचारले आणि उत्तरे टिपून घेतली. अ‍ॅबी रोड स्टुडिओचा दरवान जेरी ओ'ड्रिस्कॉल याचाही आवाज तीत आहे. तेव्हा मडगावची ती हाक आम्हांला मुळीच परकी वाटली नाही. पुढे कधीतरी मी सीडी विकत घेतली तेव्हा 'मनी' हे गाणे सुरू होण्यापूर्वी काहीतरी गाळले आहे, असेच वाटत राहिले.

आम्ही ऐकत होतो म्हणजे काय करत होतो? शब्द फारसे कळत नव्हते. 'टाइम' या गाण्याच्या आरंभी असंख्य घड्याळे एकदम वाजू लागतात. अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ स्वतंत्र टिपले होते. घड्याळांचा गलका आम्हांला आवडे. त्यानंतर सुमारे दोन मिनिटे निक मेसनचे तुटक ढोल आणि मधूनच एखादा खर्जातला सूर, एवढेच चालते. त्याला आम्ही 'मोकळी जागा' म्हणत असू आणि कॅसेट पुढे पळवीत असू. आम्हांला पोहोचायचे असे डेव्हिड गिल्मरच्या गिटारीपर्यंत. ती सुरू झाली की खोलीत कुणी बोलायचे नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांवाचूनचा आलाप आहे; या कामाचे तिला तेव्हा तीस पौंड मिळाले आणि रचनाकार म्हणून नाव लागायला २००५ साल उजाडले. तो आलाप चालू असताना शेजारच्या खोलीतून आमच्या अण्णाने विचारले होते, "कोण मेलं रे?" आम्ही चिडलो. आज वाटते, गाणे मरणावरचे आहे हे त्या घरात एकट्या अण्णाला कळले होते, आणि तेही न ऐकता.

मग नोकरी, लग्न, आणि हळूहळू ख्यालगायनाची गोडी. आमच्या या टापूत ती लागायला फार सायास पडत नाहीत. धारवाड दोन तासांवर आहे. १९९२च्या सप्टेंबरात पं. मल्लिकार्जुन मन्सूर गेले. एका सकाळी धारवाड आकाशवाणीवर त्यांचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण लागणार होते. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकाने उघडायला अवकाश होता. मी खणातून 'डार्क साइड'ची कॅसेट काढली, पाठीवरच्या मोडक्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर मन्सूर उतरवून घेतले. हळहळ वाटली नाही. उलट एक पायरी चढल्यासारखे वाटले. चार वर्षांनी मी ते पुटकुळीचे वाक्य लिहिले ते याच पायरीवर बसून. २००२ साली वॉटर्स बंगलोरला येऊन गाऊन गेला. एका रात्रीच्या बसचे अंतर. मी गेलो नाही, आणि गेलो नाही हे लोकांना सांगत फिरलो.

माझा युक्तिवाद वरवर भक्कम होता. ख्यालात वय ही जमेची बाजू. ऐंशीच्या घरातल्या मन्सूरांचे गाणे ऐकायला पोरेटोरेही धावत. रॉकने मात्र जन्मतःच म्हातारपणाशी वैर धरले. द हू या बँडने १९६५ साली 'माय जनरेशन'मध्ये म्हातारे होण्याआधी मरण यावे अशी इच्छा गाऊन दाखवली, आणि त्याच बँडचे दोघे उरलेले, डाल्ट्री आणि टाउनशेंड, ऐंशी उलटल्यावर २०२५मध्ये अमेरिकेत निरोपाचा दौरा करीत होते. मिक जॅगर ८० वर्षांचा झाला त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचा नवा अल्बम आला. हे हास्यास्पद आहे, असे मी म्हणत असे. शिवाय १९८९ साली होलब्रुक आणि शिंडलर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले होते की माणसाला सर्वांत प्रिय राहतात ती गाणी साधारण त्याच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजत असलेली. म्हणजे आवड ही आठवणच. मग चर्चा संपलीच की!

'रिडक्स' मी ऐकली ती पुतणीच्या मोबाइलवर, तिच्याच कानातली एक गुंडी माझ्या कानात घालून. ध्वनी उत्तम आहे, तंतुवाद्ये संयत आहेत. वॉटर्सचा आवाज खोल, घोगरा, तोंडाशी आलेला. गिटारीचे सोलो त्याने काढून टाकले आहेत. पूर्वी जिथे शब्द नव्हते तिथे तो बोलतो. आरंभीच, हृदयाच्या ठोक्यांवर, तो १९७२च्या आपल्याच एका जुन्या गाण्याचे शब्द वाचून दाखवतो. क्लेअर टोरीच्या आलापाच्या जागी त्याचा मित्र, अमेरिकन कवी डॉनल्ड हॉल, याच्या आजारपणाची आणि मृत्यूची हकीकत आहे. ही जागा मला आवडली. तिच्यात ओळखीचे माणूस आहे, पत्रव्यवहार आहे, दवाखाना आहे. टोरीशी बरोबरी करण्याचा आव नाही.

पण 'टाइम' आले आणि मी अस्वस्थ झालो. आपण तयारीच करत बसलो आणि आयुष्य तर केव्हाच सुरू होऊन गेले, असे या गाण्याचे सांगणे आहे. ही गोष्ट आपल्याला विशी संपता संपता एकाएकी उमगली, असे वॉटर्सने अनेकदा सांगितलेले आहे. म्हणजे ही ताजी बातमी होती. ती ऐकून माणूस ओरडतो, आणि गिल्मरची गिटार म्हणजे ते ओरडणे. गिल्मर तेव्हा सत्तावीसचासुद्धा पुरता नव्हता. ऐंशीतल्या वॉटर्सला ही बातमी राहिलेली नाही. त्याला ती पाठ आहे. तो ती शांतपणे, समजुतीच्या स्वरात सांगतो, आणि गाण्याचे कीर्तन होते. शब्द तेच, अर्थही तोच, किंबहुना अधिक स्पष्ट. आणि नेमका म्हणूनच परिणाम कमी. म्हाताऱ्या कवीला आपल्या तरुण कवितेतले सगळे कळले आहे आणि तो तिच्यावर टीप लिहीत बसला आहे.

मग वाटले, वय झाल्यावर रॉक गाऊच नये की काय? तसेही नाही. जॉनी कॅश याने २००२ साली, सत्तरीत, 'हर्ट' हे गाणे गायले. ते मुळात नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरचे, १९९४चे. त्या वेळी तो तिशीच्याही आत होता. कॅश कंट्री संगीताचा जुना बादशहा, तब्येत ढासळलेली. पुढच्या सप्टेंबरात तो गेला. त्याने एक शिवराळ शब्द बदलला, बाकी मजकुराला हात लावला नाही, वर काही बोललाही नाही. फक्त आपला थकलेला आवाज त्या शब्दांखाली ठेवला. तरुणाची आत्मघृणा तिथे म्हाताऱ्याचा हिशेब होते, आणि दोन्ही खरे वाटतात. वॉटर्सने आवाजावर एवढा भरवसा ठेवला नाही, इतकाच फरक.

आता माझा भाग. घरी येऊन मूळ तबकडी पुन्हा लावली. 'टाइम'मधली ती मोकळी जागा आली. आता पुढे पळवावेसे वाटेना. घड्याळे थांबल्यावर ढोल एकेक करून पडतात, मधले अंतर भरायची कुणालाच घाई नाही. आता मी गाण्यात सर्वांत जास्त वाट पाहतो ती या दोन मिनिटांची. (इथे विलंबित ख्यालाचा दाखला द्यायचा मोह होतो. आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुठलेही संगीत रागदारीचा दाखला मिळाल्याशिवाय पावन वाटत नाही. तो मोह टाळतो.) पण या जागेची गोडी लागली म्हणून गिटारीची गोडी गेली, असे काही झाले नाही. ती तशीच अंगावर येते. अठराव्या वर्षी शब्द न समजता आम्ही जो आकांत ऐकला तो बरोबरच ऐकला होता. चुकला तो मधला, चौतीस वर्षांचा टीकाकार. त्याला घाईही कळत नव्हती आणि थांबणेही. त्याला मैफलीत पुढच्या रांगेत दिसायचे होते, आणि त्यालाच तो प्रगल्भता म्हणत होता.

हा निष्कर्ष मी मोठ्या समाधानाने पुतणीला सांगितला. ती बावीस वर्षांची. ती म्हणाली, "काका, मला नवीनच आवडलं. जुन्यात उगाच केवढा आरडाओरडा आहे!" ऐंशीचा माणूस बावीसच्या मुलीला पटतो आणि २९चा माणूस मला, हे कुठल्या शास्त्रात बसवायचे? होलब्रुक आणि शिंडलरही इथे कामाला येत नाहीत.

मडगावचा मित्र इंग्लंडात स्थायिक झाला. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातली बरीच माणसे तिकडे गेली, त्यांतला तो एक. 'रिडक्स' ऐकली का, हे विचारायला मी गेल्या वर्षी त्याला फोन केला. त्याने ऐकली नव्हती. थोडे इकडचे तिकडचे झाल्यावर तो म्हणाला, "ती आपली कॅसेट आहे रे तुझ्याकडे? तिच्यात आई बोलते." त्याची आई जाऊन बरीच वर्षे झाली. आईचा आवाज त्याच्याकडे दुसऱ्या कशावर नाही.

मी त्याला जे केले ते सांगितले. कॅसेट अजून आहे, चालतेही. अर्धा तास मन्सूर गातात, तानपुरा विरतो, निवेदिका कानडीत नाव सांगू लागते, तिचे वाक्य अर्ध्यावर तुटते, आणि एकदम 'अस अँड देम'चा मधला भाग लागतो. तिथून शेवटपर्यंत सगळे शाबूत आहे. आईची हाक विसाव्या मिनिटाला होती.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग राग कोणता आहे, असे त्याने विचारले. शिवमत भैरव, मी म्हटले. "पाठव," तो म्हणाला.