‘गुड्डी’चे दुखणे आणि मामांचे औषध

१९६९ साली ‘आराधना’ झळकला आणि गिरगावात, ठाकुरद्वारला वाढलेला राजेश खन्ना देशभरच्या तरुणींचे दैवत झाला. काहींनी त्याला रक्ताने पत्रे लिहिली. आपल्या धर्मग्रामांत ‘आराधना’ हा शब्द केवळ परमेश्वरासाठी राखलेला आहे. संतांना आपण वंदन करतो, त्यांची आराधना करीत नाही. पडद्यासमोर हा भेद तरुण मनाला का राहत नाही, याचा विचार करताना आम्हांला हृषीकेश मुखर्जी यांचा ‘गुड्डी’ (१९७१) पुन्हा पाहावासा वाटला.

शाळकरी गुड्डी धर्मेंद्रवर प्रेम करते आणि त्या प्रेमाला मीरेच्या भक्तीची उपमा देते. तिची थट्टा करणे सोपे होते. दिग्दर्शकाने ती केली नाही, हे या कलाकृतीचे पहिले यश. तिच्यावर जीव असलेल्या नवीनचे प्राध्यापक मामा तिला रागे भरत नाहीत. चित्रीकरण पाहण्याची सोय करतात. तेथे नायकाच्या जागी जीव धोक्यात घालणारा डमी दिसतो. हीरो होण्यासाठी घर सोडून आलेला आणि एक्स्ट्राच राहिलेला कुंदन भेटतो. दादरचा रणजित आणि परळचा राजकमल हे स्टुडिओ गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूतच होते. पडदा हाही एक कारखानाच, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मात्र या औषधात एक उणीव आहे. धर्मेंद्र यांनी स्वतःचीच भूमिका इतक्या सौजन्याने वठवली आहे की गुड्डी बरी होते आणि प्रेक्षक त्यांच्या अधिकच प्रेमात पडतो. शिवाय याच चित्रपटाने हिंदी पडद्याला जया भादुरी ही नवी तारका दिली!

पडद्यावरील माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते, त्याला मात्र आपण ठाऊकही नसतो. या एकतर्फी जवळिकीचे विवेचन हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच केले होते. आज तारे आपले स्वयंपाकघर, आजारपण, लेकरे सारे मोबाइलवर दाखवतात. तारा हा माणूसच आहे हे कळूनही भक्ती ओसरत नाही. जवळीक तेवढी वाढते.

मग गुड्डी बरी कशाने झाली? आमच्या मते, केवळ स्टुडिओ पाहून नव्हे. तिचे म्हणणे न हसता ऐकून घेणारे वडीलधारे माणूस तिला भेटले. भिंतीवरील चित्रे फाडून आमच्याकडे गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सुचवू: एखाद्या संध्याकाळी मुलांसह ‘गुड्डी’ पाहावा आणि नंतर आधी मुलांना बोलू द्यावे.