वाटी, चमचा आणि नववीचा वर्ग

आयोजकांनी विषय दिला 'अलीकडे वाचलेली पुस्तकं'. अलीकडे छापलेली असं त्यांनी म्हटलेलं नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. (हशा) गेले सहा-सात महिने मी तीन कपाटांमधली पुस्तकं आलटून पालटून वाचत होते. पाककृती, कुमारांसाठीच्या कथा-कादंबऱ्या आणि चरित्रं. याला कारण आहे. एका ग्रंथालयाच्या पुस्तक निवड समितीत मी होते. तिथे एका पुस्तकावरून वाद झाला आणि त्या वादात माझं तोंड वेळेवर उघडलं नाही. त्यानंतर मी वाचायला बसले. ते पुस्तक कोणतं, ते येईलच.

सुरुवात 'रुचिरा'पासून करू. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. आपल्यापैकी अनेकींच्या घरात त्याची प्रत आहे, तिला हळदीचे डाग आहेत, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी पुस्तक म्हणून बघत नाही. मी या वेळी ते ओट्यावर न ठेवता टेबलावर ठेवून वाचलं. ओगल्यांनी केलं काय, तर मापं वाटी आणि चमच्यात दिली. ऐकायला साधं वाटतं. पण त्याआधी शिकण्याची रीत कोणती होती? 'अंदाजाने घे.' अंदाज शिकायला शेजारी आई किंवा सासू उभी लागते. नोकरीच्या गावी दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीच्या शेजारी कुणीच नव्हतं. तिला वजनकाटाही परवडणारा नव्हता. वाटी मात्र होती. तुमची वाटी मोठी, माझी लहान, तरी दोन वाट्यांना एक वाटी हे प्रमाण दोन्ही घरांत तेच राहतं. मराठी गद्यात इतकं काटेकोर आणि तरी इतकं घरगुती लिखाण फार थोडं आहे, असं माझं मत आहे. विशेषणं जवळजवळ नाहीत. आजच्या चकचकीत पाककृती पुस्तकांत पदार्थाआधी लेखिकेच्या आजीच्या अंगणाचं वर्णन दोन पानं चालतं. त्यांच्याबद्दल एवढंच बोलते.

पण वाटी गृहीत काय धरते? घरात डाळ-तांदूळ भरलेला डबा आहे, आणि माप आपल्या हातात आहे. आता ते वादाचं पुस्तक. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचं पुस्तक. आपण जेवणाआधी जो श्लोक म्हणतो त्यातल्या पूर्णब्रह्माला त्यांनी एक 'अ' लावला आणि नावातच अर्धं भांडण मांडलं. भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला, आणि मग आपल्याकडच्याही अनेकांना मूळ मराठी पुस्तकाची आठवण झाली. हेही आपल्याला शोभणारंच.

समितीत प्रश्न निघाला, हे ठेवायचं कुठे? पाककृतीच्या कपाटात नको, म्हणाले, वाचकांना किळस येईल. समाजशास्त्रात ठेवू. मी गप्प बसले. घरी येऊन वाचलं तेव्हा लाज वाटली. वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रानातल्या भाज्या: हे सगळं करायचं कसं, ते यात सांगितलेलं आहे. ज्याला करायचंय तो करू शकतो. मग ते पाककृतीचं पुस्तक नाही तर काय? फरक इतकाच, की इथे कृती एकटी येत नाही. कुणाच्या वाट्याला काय येत असे, आणि 'तुम्ही खाता तसे होता' हे सांगणाऱ्या सात्त्विक-तामस वर्गवारीने माणसांच्या पाठीवर काय शिक्के मारले, हेही त्याबरोबर येतं. ओगल्यांची वाचक बाजारातून सामान आणते. पाटोळ्यांच्या घरात जे येईल त्यावर स्वयंपाक ठरतो.

तक्रार मात्र आहे. जिथे ते प्रतिवाद करायला लागतात तिथे चूल विझते. मला वाद पटतो, पण तो त्यांच्या आठवणीत इतका भरलेला आहे की वेगळा सांगायची गरज नव्हती. तरीही दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर, शेजारी शेजारी हवीत, यावर मी आता ठाम आहे.

कुमारांच्या कपाटाकडे येऊ. आपल्याकडे 'किशोर' मासिक १९७१ पासून आहे, पण चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला द्यायला मोठ्यांसाठी छापलेलीच पुस्तकं आपण शोधत असतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत चार पुस्तकं. बेळगावकडची, कानडीच्या शेजारात वाढलेली ती मराठी मुलांना कळत नाही, असं शिक्षक सांगतात. मुलांना कळते हो. 'मॅडसारखं' हा एक शब्द कळला की निम्मा लंपन कळला.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' जास्त अवघड. २००४ सालची कादंबरी, काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. एका पालकांनी मला विचारलं, 'हे असलं मुलांच्या हातात देता?' असलं म्हणजे काय, तर मुलगा मुलीकडे बघतो. (हशा) यात जोशीचा आवाज कुठेही मोठ्या माणसाचा होत नाही, आणि हेच तिचं बळ आहे. बाहेर देशात सक्ती चाललीय आणि आत वर्गात एक छोटी राजवट चाललीय, ही तुलना लेखक करून दाखवत नाही, आपल्याला दिसते. पण ग्रंथालयात येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने पुस्तक परत करताना विचारलं, 'मावशी, शिरोडकरला काय वाटत होतं?' मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात ते नाहीच. निवेदक मुलगा आहे, त्याला कळणार कुठून, हे कलेच्या दृष्टीने बरोबर. तिला मात्र तिच्या वयाची मुलगी आतून वाचायची होती, आणि माझ्या कपाटात तिला देण्याजोगं तितक्या ताकदीचं काही निघालं नाही. तो रकाना अजून रिकामाच आहे.

शेवटचं, 'एक होता कार्व्हर'. वीणा गवाणकरांचं १९८१ चं पुस्तक. बक्षीस समारंभात सगळ्यात जास्त वाटलं जाणारं बहुधा हेच. गुलामीत जन्मलेला, आईपासून तुटलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि १८९६ मध्ये टस्कीगीला जाऊन आयुष्यभर तिथेच राहतो. माझं भांडण पुस्तकापेक्षा आपण ते ज्या रीतीने देतो त्याच्याशी आहे. 'एवढे हाल सोसले तरी कुरकुर नाही, बघ जरा!' असं म्हणून देतो. हाल कुणी केले, हे विचारायचं राहून जातं.

आणि आपण त्याला शेंगदाण्याच्या लोण्याचा जनकही करून टाकतो. ते खरं नाही. शेंगदाणा वाटून केलेल्या लगद्याचं पेटंट १८८४ मध्येच दुसऱ्या कुणी घेतलं होतं. कार्व्हर मला जास्त आवडला तो १९१६ च्या पुस्तिकेत. शेंगदाणा पिकवायचा कसा, आणि खायच्या १०५ कृती. कापसाने जमिनीतलं नत्र ओढून घेतलेलं, भुईमूग ते परत देतो. पण पिकवलेल्या शेंगांचं करायचं काय, हे सांगितल्याशिवाय शेतकरी पेरेल कशाला? म्हणून हा शास्त्रज्ञ पाककृती लिहितो. कृती नियतकालिकांतून आणि इतरांकडून गोळा केल्या, हे सुरुवातीलाच मान्य करतो. म्हणजे तो ओगल्यांच्याच जातकुळीचा, संकलक! पण पहिलीच कृती शेंगदाण्याच्या सूपाची आहे, आणि तिला दूध लागतं, लोणी लागतं. कर्जात बुडालेल्या खंडकऱ्याच्या घरी ते रोज कुठून येणार? वाटी गृहीत काय धरते, हा प्रश्न टस्कीगीलाही सुटत नाही.

मी समितीला पत्र लिहिलंय, पाटोळ्यांचं पुस्तक 'रुचिरा'शेजारी हलवा म्हणून. उत्तर यायचंय. मागे त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांना माइक द्या बघू.