मृत्यू निम्मे झाले, पण किती रुग्णांत?

हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणीतली गुठळी जितकी लवकर विरघळेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. मग औषध रुग्णालयाबाहेरच का देऊ नये? स्कॉटलंडमधील ग्रॅम्पियन भागातल्या खेड्यांत डॉक्टरांनी ते रुग्णाच्या घरीच टोचले. १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांत घरी औषध मिळालेल्या १६३ पैकी १३ दगावले, रुग्णालयाच्या गटातील १४८ पैकी २३. तेव्हापासून ‘मृत्यू निम्मे’ हेच सांगितले जाते.

आकडे नीट पाहा. फरक दहा माणसांचा. चार-पाच जणांचे नशीब फिरले असते, तरी निष्कर्ष डळमळला असता. १९९३ च्या युरोपीय चाचणीत ५,४६९ रुग्ण होते. तीस दिवसांतील मृत्यू ११.१ ऐवजी ९.७ टक्के, म्हणजे योगायोगाची शंका पुरती न फिटणारा फरक. अर्थात तिथे वाचलेला वेळ ५५ मिनिटे होता, ग्रॅम्पियनमध्ये दोन तासांहून अधिक. २००० साली सहा चाचण्या एकत्र केल्यावर घट १७ टक्के निघाली.

या औषधाने मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. जवळच वेळेत अँजिओप्लास्टी होत असेल, तिथे ते घरी टोचणे मला पटत नाही. रुग्णालय दोन तासांवर असेल तर पटते. मात्र ईसीजी वाचणारे कोणी हवे.