काम करणाऱ्यानेच मोजमाप केलं तर? : ‘हेल्थ बाय द पीपल’ आणि मिशनची प्रशिक्षणं

सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायचं म्हटलं की बऱ्याच जणांना एक वाट खुणावते. एखाद्या ख्रिस्ती मिशनबरोबर आफ्रिकेत किंवा मध्य अमेरिकेत दोन-चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं, तिथल्या गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून शिकवायचं आणि येताना एका पेपरपुरता डेटा घेऊन यायचा. तुमच्यापैकी काही जण अशाच विचारात असतील. जा किंवा जाऊ नका, हे मी सांगणार नाही. पण जाणार असाल तर त्याआधी एक जुनं पुस्तक वाचा, आणि ते थोडं संशयाने वाचा.

पुस्तकाचं नाव ‘हेल्थ बाय द पीपल’. केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेलं हे पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जिनिव्हातून प्रसिद्ध केलं. वेगवेगळ्या देशांत गावपातळीवर आरोग्यसेवा कशी उभी राहिली, याच्या हकिकती त्यात आहेत. तीनच वर्षांनी, १९७८ साली, आल्मा-आटाची परिषद झाली आणि ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ हा शब्द जगभर पोचला. त्या वाटचालीत या पुस्तकाचं वजन मोठं आहे. मिशनचा संबंधही इथेच येतो. चर्चच्या जागतिक परिषदेने १९६८ साली ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं. मिशनचा पैसा आणि मनुष्यबळ इस्पितळांत अडकतंय आणि गावं तशीच राहतायत, हा प्रश्न त्या कमिशनने स्वतःच्याच लोकांना विचारला. त्यांचं ऑफिसही जिनिव्हातच, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेशी बोलणं सोपं होतं. म्हणजे ‘मिशन म्हणजे फक्त धर्मप्रसार’ असं म्हणून हा इतिहास झटकून टाकता येत नाही.

पुस्तकातल्या दोन प्रकरणांबद्दल बोलू. एक ग्वाटेमालातल्या चिमाल्तेनांगोचं. कॅरोल बेरहॉर्स्ट हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे डॉक्टर लुथरन मिशनतर्फे ग्वाटेमालात गेले आणि १९६२ साली त्यांनी चिमाल्तेनांगोत दवाखाना सुरू केला. तिथल्या काक्चिकेल माया लोकांमधूनच त्यांनी ‘प्रमोटर’ तयार केले. या प्रकरणात प्राधान्यक्रमाची एक यादी आहे, ती आजही वाचावी अशी. पहिलं सामाजिक-आर्थिक अन्याय, दुसरं जमिनीची मालकी, मग शेतीचं उत्पादन आणि विक्री, लोकसंख्या, कुपोषण, आरोग्याचं प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी, सातव्या क्रमांकावर, औषधोपचार. एका डॉक्टरने हे लिहावं! पण प्रमोटरांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग होता आजार ओळखणं आणि औषध देणं, म्हणजे यादीतला सातवा मुद्दा. लेखक काय म्हणतो आणि त्याच्या कामाचे तास कुठे खर्च होतात, या दोन गोष्टी वेगळ्या वाचायची सवय लावून घ्या. याचा अर्थ बेरहॉर्स्ट ढोंगी होते असा अजिबात नाही. लोकांना आधी गोळी हवी असते आणि गोळीच्या निमित्तानेच विश्वास बसतो, हे गावात राहणाऱ्या कोणालाही कळतं.

दुसरं प्रकरण आपल्याकडचं, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. दोघं ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्ती केलं. आजच्या ‘आशा’ची गोष्ट सांगताना जामखेडचं नाव निघतं ते उगाच नाही.

आता माझी मुख्य तक्रार. चिमाल्तेनांगोचं प्रकरण बेरहॉर्स्ट यांनी लिहिलंय आणि जामखेडचं आरोळे दांपत्याने. ज्याने काम उभं केलं, त्यानेच त्याचा निकाल लिहिला. आमच्या लॅबमध्ये साधी कॉलनी मोजायची असली तरी कुठल्या प्लेटवर कुठला नमुना आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, असा आग्रह असतो. तो खोटं बोलेल म्हणून नव्हे. डोळा आपोआप हव्या त्या बाजूला झुकतो म्हणून. इथे तर आयुष्य ओतलेलं काम होतं.

फरक किती पडतो, ते जामखेडच्याच आकड्यांवर बघा. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार अर्भक मृत्युदर १९७१ साली हजारी १७६ होता आणि १९७६ साली ५२ झाला. पाच वर्षांत जवळपास ७० टक्के घट. पण ही आधी-नंतरची तुलना आहे. महाराष्ट्रातला तो भीषण दुष्काळ याच काळाच्या सुरुवातीला पडला, म्हणजे सुरुवातीचा आकडा वाईट वर्षांचा असणार. शिवाय शेजारच्या, प्रकल्प नसलेल्या गावांत तेव्हा काय झालं, ते या दोन आकड्यांत नाहीच.

बऱ्याच वर्षांनी बाहेरच्या संशोधकांनी जामखेडची गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं घेतली, आयांकडून बाळंतपणांचा इतिहास विचारला आणि २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये पेपर छापला. जात, जमीन, आईचं शिक्षण अशा गोष्टींचा हिशेब धरल्यावर पहिल्या महिन्यानंतर ते पाच वर्षांपर्यंतच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाला. विश्वासार्हता अंतर ६ ते ४९ टक्के. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही.

७० आणि ३० शेजारी ठेवून ‘बघा, फुगवलं होतं’ असं लगेच म्हणू नका. वयोगट वेगळे आहेत, काळ वेगळा आहे, आणि तोवर बाहेरच्या गावांतही सरकारी सेवा आणि जामखेडच्या कल्पना दोन्ही पोचल्या होत्या. उलटही खरं आहे. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. ज्या गावाने बोलावलं तिथे काम सुरू झालं, आणि बोलावणारं गाव मुळातच थोडं जागं असू शकतं. तरीही हा ३० टक्क्यांचा आकडा मला त्या ७० पेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याला विचारता येणारे प्रश्न त्या पेपरातच लिहिलेले आहेत.

आता तुमच्या दोन आठवड्यांकडे येऊ. अशा शिबिरांवरचे बहुतेक लेख वर्णनाचे असतात: किती जण गेले, किती जणी शिकल्या. आकडे असलेच तर ते प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्टचे. समजा, ३० बायकांची सरासरी २० पैकी ९ होती आणि शेवटच्या दिवशी ती १६ झाली. पी व्हॅल्यू छान येते, पेपर होतो. पण प्रश्नपत्रिका तीच, शिकवणारा तोच, तपासणाराही तोच, आणि मध्ये दुभाषा. ज्या दोघी चौथ्या दिवशी घरच्या कामामुळे आल्या नाहीत, त्या पोस्ट-टेस्टच्या सरासरीत नाहीत. मग सरासरी वाढली ती नक्की कशाने?

किर्कपॅट्रिकने १९५९ सालीच प्रशिक्षणाच्या मोजमापाचे चार टप्पे सांगितले होते: आवडलं का, कळलं का, वागण्यात आलं का, परिणाम झाला का. मिशनच्या पेपरांची गाडी दुसऱ्या टप्प्यावरच थांबते, कारण तिसऱ्या टप्प्याच्या वेळी स्वयंसेवक विमानात असतो. साधं उदाहरण घ्या. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, हे उत्तर लिहिता येणं वेगळं. तिच्या घरात लिटरचं माप आहे का, चमचा कुठला, मीठ जास्त पडलं तर बाळाला धोका आहे हे तिला माहीत आहे का? सहा महिन्यांनी तिच्या चुलीशेजारी बसून तिला द्रावण करायला सांगा आणि बघा. तो खरा डेटा.

आणि एक प्रश्न मिशनच्या बाबतीत टाळू नका: कार्यकर्ती निवडते कोण? पाळकाने चर्चमधल्याच बायका निवडल्या, तर चर्चला न जाणाऱ्या घरात ती जाते का, आणि तिला आत घेतात का? पाहणीतली घरं नेमकी तिच्या ओळखीची असतील, तर तुमचा छेद सुरुवातीलाच चुकला. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहा. चर्चची माणसं दर रविवारी जमतात, म्हणजे पाठपुराव्याची जागा तयार असते. पुष्कळ एनजीओंकडे तेवढंही नसतं.

बेरहॉर्स्ट दोन आठवड्यांत परतले नव्हते. १९७६ च्या भूकंपात चिमाल्तेनांगोची वाताहत झाली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करी हिंसाचारात त्यांचे कित्येक प्रमोटर मारले गेले, कित्येक पळून गेले. जमिनीचा प्रश्न यादीत दुसरा का, ते तेव्हा कळलं. गावात पुढे आलेल्या माणसावर बंदूक रोखली जाते. तुमच्या संमतीपत्रात ‘या अभ्यासात कोणताही धोका नाही’ हे वाक्य टाइप करण्यापूर्वी त्या देशात प्रशिक्षित कार्यकर्त्यांचं पुढे काय झालंय, ते विचारा.

म्हणून मिशनच्या ऑफिसला पहिला ईमेल लिहाल तेव्हा राहण्या-खाण्याची चौकशी नंतर करा. आधी तीन वर्षांपूर्वीच्या बॅचची यादी मागा. किती जणी अजून काम करतात, सोडलेल्यांनी का सोडलं, त्यांना औषधं कोण पुरवतं, चूक झाली तर विचारायला कोण आहे. यादी मिळाली आणि मिशनने व त्या बायकांनी परवानगी दिली, तर नवं शिबिर घेण्यापेक्षा त्या जुन्या बायकांकडे जा. तुमचा थीसिस तिथे आहे. यादीच नसेल, तर तेही सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा.

त्या ३० टक्क्यांमागचा हॅझर्ड रेशो म्हणजे काय, हे दोघांनी विचारलंय. पुढच्या लेखात जामखेडचाच पेपर घेऊन ते बघू.