ओढणाऱ्याची साक्ष

फ्रित्यॉफ नान्सेन व त्याचे पाच साथीदार यांनी १८८८ साली घसरगाड्या स्वतः ओढीत ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले. या प्रवासावरील नान्सेनच्या १८९० सालच्या ग्रंथाची थोरवी साहसवर्णनात शोधण्याचा मोह होतो. आमचे मत निराळे आहे.

पूर्व किनारा जवळजवळ निर्जन. तेथून निघाल्यावर मागे फिरण्यात अर्थ उरत नाही, हे नान्सेनने बुद्ध्याच योजिले होते. परंतु या धाडसाचा भार इतर पाच जणांवरही पडला. पावसाळ्यात पिंगळीच्या काळ्या रानात रुतलेली गाडी ज्याने ओढली आहे, त्यास हे सांगावयास नको.

सामी साथीदार सॅम्युएल बाल्टो याच्या कथनातील उतारे, त्यांतील भीती व कुरकुर यांसह, नान्सेनने आपल्या ग्रंथात घेतले. त्यायोगे नायकाच्या मोठेपणास किंचित उणेपणा येतो खरा. पण ग्रंथ विश्वसनीय होतो. शिधा स्निग्धांशहीन निघाल्याने सर्वांची झालेली तगमगही त्याने झाकली नाही.

आपल्याकडील पुष्कळ प्रवासवर्णनांत लेखक तेवढा बोलतो. ओझेवाले मुकेच राहतात. आमच्या लेखकांनी या ग्रंथापासून घ्यावयाचा धडा तो हाच.