जमिनीच्या भावात लपलेलं पाणी

हवामानबदलाचा शेतीवर काय परिणाम होतो हे वाचायला घेतलं की यादीत 1994 चा एक पेपर येतोच. मेंडेलसोहन, नॉर्डहाउस आणि शॉ यांचा, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधला. (यातल्या नॉर्डहाउस यांना 2018 मध्ये नोबेल मिळालं.) सिनॉप्सिसमध्ये "हीच पद्धत आपल्या जिल्ह्यांना लावणार" असं लिहिणार असाल, तर जरा थांबा.

कल्पना झकास आहे, यात वाद नाही. आधीचे बरेच अभ्यास तापमान वाढवून एखाद्या पिकाचं उत्पादन किती घटतं एवढंच बघत. म्हणजे शेतकरी ना पीक बदलणार, ना पेरणीची तारीख. नुसता नुकसान बघत बसणार! या तिघांनी अमेरिकेतल्या जवळपास 3,000 काउंटींमधले शेतजमिनीचे भाव घेतले आणि थंड-उष्ण भागांतल्या भावांची तुलना केली. उष्ण भागातला शेतकरी तिथल्या हवेशी आधीच जुळवून घेऊन बसलाय, म्हणजे ते जुळवून घेणं भावात आपोआप आलं. पिकांच्या उत्पन्नानुसार काउंटींना वजन दिलं, तेव्हा तर तापमानवाढीने अमेरिकी शेतीचा थोडा फायदाच होईल असं उत्तर निघालं.

गोम इथेच आहे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या खोऱ्यातली जमीन महाग आहे ती कालव्याच्या पाण्यामुळे. हे पाणी लांबून, बरंचसं सरकारी खर्चाने आणलेलं आणि शेतकऱ्याला स्वस्तात मिळणारं. रिग्रेशनला कालवा दिसत नाही. त्याला दिसतं ऊन जास्त, तरी भाव जास्त. 2005 मध्ये श्लेंकर, हॅनेमन आणि फिशर यांनी त्याच जर्नलमध्ये दाखवलं की बागायती आणि कोरडवाहू काउंटी एकाच समीकरणात घालता येत नाहीत. कोरडवाहू वेगळ्या काढल्यावर उत्तर सरळ तोट्याचं आलं.

महाराष्ट्रात तर बहुतांश शेती कोरडवाहूच. त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा जास्तच बोचतो, आणि तो नुसता कालव्यांपुरता नाही. शेततळ्याचं बघा. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. मूळ हेतू पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं आणि पावसात खंड पडला की पिकाला एखाद-दुसरं पाणी द्यायचं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी, विशेषतः फळबागांच्या पट्ट्यात, विहीर-बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात भरलं जातं. 2017 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त यावर लेखही आला होता. जमिनीखाली असताना सगळ्यांचं असलेलं पाणी तळ्यात आलं की एकाचं होतं. वर उन्हाळ्यात त्यातलं बरंच उडून जातं ते वेगळंच.

आता 1994 च्या पद्धतीने याचा हिशोब करा. तळेवाल्याच्या जमिनीचा भाव वाढला, म्हणजे जुळवून घेणं यशस्वी! शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी आटली, तर त्याच्या जमिनीचा पडलेला भाव खराब मातीच्या नाहीतर कमी पावसाच्या खात्यावर जाणार.

म्हणून प्रश्नावलीत "शेततळं आहे का? हो/नाही" एवढ्यावर भागवू नका. तळं कशाने भरतं ते विचारा. ज्यांच्याकडे तळं नाही अशांनाही सॅम्पलमध्ये घ्या, आणि त्यांची विहीर पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत चालायची, आता कोणत्या, हेही लिहून घ्या. गाइड म्हणतील प्रश्नावली लांबतेय. लांबू द्या.